छोटा हिटर दर हिवाळ्यात दहा मिनिटांत बंद पडतो, प्लग तापतो: नवीन घेण्याआधी हे बघा

आमच्याकडे हा तिसरा हिवाळा आणि तिसरा हिटर. दरवर्षीचं एकच रडगाणं. डिसेंबर लागला की रात्री आबांच्या खोलीत हिटर लावायचा, आठ-दहा मिनिटं मस्त गरम हवा, मग टक्क आवाज आणि बंद. पाच-सात मिनिटांनी आपोआप चालू, परत टक्क. मध्येच प्लगला हात लावला तर चटका बसतो. पहिल्या वर्षी वाटलं स्वस्तातला घेतला म्हणून असं होतंय, म्हणून दुसऱ्या वर्षी धुळ्याला आग्रा रोडवरून २००० वॅटचा मोठा आणला, तर तो पहिल्यापेक्षाही लवकर बंद पडायला लागला आणि वरून सॉकेट वितळवून बसला. आबा गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हणे, "हाऊ बी बंद पडना का रे?" काय सांगणार.

यंदा भाचा आलेला सुट्टीत, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, मीटर घेऊनच फिरतो. त्याने दोन रात्री बसून सगळं तपासलं आणि म्हणाला, "मामा, हिटरले काही व्हयेल नही." आणि खरंच, तिन्ही हिटर मुळात चांगले होते (एकाची आम्हीच दुरुस्तीत वाट लावली होती, ते शेवटी सांगतो). गोंधळ होता पॉईंटचा, खोलीचा, आणि आम्ही तो ठेवत होतो त्या जागेचा. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आमच्या गल्लीत निम्म्या घरात हीच तक्रार आहे आणि सगळे दरवर्षी नवीन हिटर घेतात.

आपल्याकडची थंडी कशी आहे ते बाहेरच्या माणसाला पटत नाही. मे महिन्यात ४५ च्या घरात भाजून निघणारा जळगाव-भुसावळचा पट्टा, आणि धुळ्यात उत्तरेचं वारं सुटलं की पारा ५-६ वर. पण ही थंडी सहा-आठ आठवड्यांची, तीही रात्रीची. दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. म्हणजे आपल्याला काश्मीरसारखं दिवसरात्र घर तापवायचं नाहीये, एक झोपायची खोली पहाटे जरा सुसह्य करायची आहे, बस. जागतिक आरोग्य संघटना घरातलं तापमान १८ च्या खाली जाऊ नये म्हणते, म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असतील तर विशेष. तेवढं ध्येय ठेवलं तर छोटा हिटर पुरतो. २५ करायला गेलात की सगळे त्रास सुरू.

आता मुद्द्यावर. हिटर "बंद पडतो" म्हणजे नेमकं कोण बंद करतंय ते आधी ओळखा. बोर्डावरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पडला असेल तर प्रश्न लाईनचा आहे, हिटर त्या सर्किटला झेपत नाहीये किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. एमसीबी जागेवर, पंखा फिरतोय, लाल दिवा जळतोय पण हवा थंड येतेय, तर बहुतेक थर्मोस्टॅटने, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की गरम करणं थांबवणाऱ्या भागाने, काम केलंय, नॉब थोडा पुढे फिरवून बघा, लगेच गरम झाला तर काही बिघाड नाही. सगळंच मेलं आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप जिवंत झालं, तर आतला थर्मल कटआऊट आहे, दोन धातूंची पट्टी असते, जास्त तापली की वाकते आणि कनेक्शन तोडते, थंड झाली की परत जोडते. आणि हिटर उचलून दुसरीकडे ठेवला की चालू होतो, परत ठेवला की बंद, तर खालचं बटण. हिटर आडवा पडला तर बंद व्हावा म्हणून तळाला एक छोटं बटण असतं, ते जमिनीवर नीट दाबलं गेलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वर्षी अर्धा प्रॉब्लेम हाच होता, सतरंजीवर ठेवलेला, पाय लागून सतरंजीची घडी झाली की बटण सुटायचं. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीत एखादी फरशी वर-खाली असते तिथेही हेच होतं. फळीचा सपाट तुकडा खाली ठेवला, मिटलं.

पण टक्क करून बंद, थोड्या वेळाने चालू, हा जो मुख्य आजार होता तो कटआऊटचा. कटआऊट वारंवार पडतो म्हणजे आत गरज नसताना उष्णता साठतेय, म्हणजे हवा नीट खेळत नाहीये. मागची जाळी बघितली तर तिच्यावर पांढऱ्या कापसाची गादीच बसलेली!

इथे जरा थांबतो कारण हे फक्त आपल्याकडेच होतं. दिवाळीपासून कापूस घरात, भाव वाढेल म्हणून थांबायचं, पुढची खोली छतापर्यंत भरलेली, आणि आबांची खोली तिच्या बाजूला, मधलं दार उघडं. कापसाचे बारीक तंतू हवेत कायम तरंगत असतात, आपल्याला दिसत नाहीत, पण हिटरचा पंखा मागून हवा ओढतो आणि पुढे फेकतो, तंतू जाळीवर बसतात. चार रात्रीत जाळी निम्मी बंद. हवा कमी, कॉइल जास्त तापते, कटआऊट पडतो. २००० वॅटचा जास्त लवकर पडायचा कारण तेवढ्याच गुदमरलेल्या हवेत दुप्पट उष्णता. म्हणजे आम्ही मोठा घेऊन रोग वाढवला.

आणि हे नुसतं बंद पडण्यापुरतं नाही हो. जाळीतून सुटलेले तंतू आत जाऊन लाल कॉइलवर पडले तर ठिणगी बाहेर येऊ शकते, आणि शेजारी कापसाचा ढीग. कापूस पेटतो तेव्हा लगेच भडका होईलच असं नाही, आतल्या आत तासन् तास धुमसतो, वरून काही दिसत नाही आणि मग एकदम. जिनिंगच्या आवारात बिडी-काडीला सक्त मनाई असते ती उगाच नाही. आमच्या आजीचं वाक्य होतं, "कापूसना घरमा इस्तो नको," म्हणजे कापसाच्या घरात विस्तव नको, आणि आम्ही त्याच कापसाशेजारी २००० वॅटची कॉइल पेटवून झोपत होतो. भाच्याने हे दाखवलं त्या रात्री मला हिटर न लावताच घाम आला.

तर कापूस असलेल्या खोलीत हिटर नाहीच, कुठलाच नाही. शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार बंद, दाराखालच्या फटीला जुनं धोतर गुंडाळून लावायचं. जाळी दर दोन दिवसांनी, प्लग काढून, हिटर थंड झाल्यावर, रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडायची. फुंकर मारू नका, कचरा आत जातो. कापूस नसेल तरी गोधडीचा, ब्लँकेटचा केर असतोच, आठवड्यातून एकदा पुरे. आणि हिटरपासून तीन फुटांत गोधडी, पडदा, मच्छरदाणी काही नको. मच्छरदाणी विशेष, ती नायलॉनची असते आणि रात्री पंख्याच्या हवेने हलत हलत कुठे जाईल सांगता येत नाही.

जाळी साफ केली, टक्क बंद झालं. पण प्लगचा चटका तसाच. हा दुसरा आजार, आणि हा जास्त घरात आहे.

२००० वॅटचा हिटर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर ओढतो. त्याला मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग येतो. आपल्या जुन्या घरात पॉवर पॉईंट असतो एकच, तो पाण्याच्या मोटरीला किंवा फ्रिजला. मग आपण काय करतो, दुकानातून तो चौकोनी कन्व्हर्टर आणतो आणि मोठा प्लग छोट्या ६ अँपिअरच्या पॉईंटला घुसवतो. पिनांचा आकार वेगळा ठेवलाय तोच मुळी हे करता येऊ नये म्हणून. त्या पॉईंटच्या मागे बल्ब-पंख्याची एक नाहीतर दीड चौरस मिलीमीटरची वायर असते, पॉवर पॉईंटला कमीत कमी अडीचची, बरं काम असेल तर चारची.

त्यात सॉकेटमधली पितळी पट्टी वर्षानुवर्षं मोबाईलचे चार्जर घालून-काढून सैल झालेली. भाच्याने हिशोब करून दाखवला तो मला फार आवडला. समजा सैल पट्टीमुळे तिथे ०.२ ओहम रोध तयार झाला, म्हणजे किरकोळच. २००० वॅटच्या हिटरला करंट ८.७, त्याचा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे १५ वॅट उष्णता फक्त त्या सॉकेटमध्ये. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते, तिने धातू वितळतो, आणि इथे १५ वॅट प्लास्टिकच्या डबीत कोंडलेत, रात्रभर. तोच हिटर १००० वॅटवर लावला तर करंट निम्मा पण सॉकेटमधली उष्णता चौथाईपेक्षा जास्त नाही, ४ वॅटच्या आतच. ५०० वर तर एक वॅटसुद्धा नाही. मोठा हिटर का नको याचं याहून सोपं उत्तर मला तरी मिळालं नाही.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर हिटर वीस मिनिटं चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावा. कोमट असेल तर चालेल. बोट टिकत नसेल तर त्या पॉईंटला हिटर परत लावू नका, आधी सॉकेट बदला, आणि सॉकेट उघडलं की वायरमनला मागच्या वायरचं टोक दाखवायला सांगा, काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवीन टोक जोडायला लावा, नाहीतर नवीन सॉकेट पण महिन्यात पिवळं पडतं. जुन्या घरात अ‍ॅल्युमिनियमची वायर निघाली तर त्या खोलीत हिटरचा नाद सोडा किंवा बोर्डापासून स्वतंत्र लाईन ओढा, स्वतंत्र एमसीबीवर. अर्थिंग आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या, आमच्याकडे तिसरी पिन नुसती शोभेची निघाली, मागे वायरच नव्हती. एक्स्टेंशन बोर्डवर हिटर कधीच नाही. तो गुंडाळलेला असेल तर आणखीनच वाईट, गुंडाळीच्या आत उष्णता निघायला वाट नसते.

व्होल्टेजचं एक राहिलं. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला, केळीला रात्रीची लाईट असली की गावभर मोटारी सुरू, आणि आमच्या घरात मीटरवर १८० दिसलं. व्होल्टेज कमी झालं की कॉइलवाल्या हिटरची ताकद वर्गाच्या हिशोबाने पडते, २३० चं १८० झालं तर १००० वॅटचा हिटर ६१० च्या आसपास काम करतो. म्हणजे "आज हिटर गरमच होत नाहीये" असं वाटलं तर आधी बल्ब मंद झालेत का ते बघा. हिटर उघडून बसू नका. मोटारी बंद झाल्या की तो आपोआप सुधारतो.

आता घ्यायचा कुठला. माझं मत सांगतो, पटलं तर बघा.

जाहिरातीत दाखवतात तो थेट भिंतीच्या पॉईंटला लागणारा पिटुकला हिटर साधारण ४०० वॅटचा असतो. "दहा मिनिटांत सगळं घर गरम, बिल नव्वद टक्के कमी" हे शुद्ध थापा आहेत. विजेवर चालणारा कुठलाही कॉइलचा किंवा सिरॅमिकचा हिटर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता देतो, ४०० वॅट म्हणजे ४०० वॅट, डबी कितीही देखणी असो. (गरम-थंड दोन्ही करणारा एसी तेवढ्या विजेत दुप्पट-तिप्पट उष्णता देतो कारण तो बाहेरची उष्णता आत ओढतो, पण तो विषय वेगळा आणि खिसाही वेगळा.) आमच्या १० बाय १० च्या स्लॅबच्या खोलीत, दार-खिडकी बंद, ४०० वॅटने १३ चं १६-१७ झालं, त्याच्या पुढे जाईना. अभ्यासाच्या टेबलाखाली पायाशी, किंवा ८ बाय ८ च्या बंद खोलीत ठीक आहे. पण त्याचा अख्खा भार सॉकेटच्या पट्ट्यांवर लोंबकळतो, त्यामुळे सैल सॉकेट अजून सैल होतं, आणि पॉईंट पलंगाच्या मागे असेल तर गोधडी त्याच्यावरच. दोन पिनांचा असेल तर घेऊच नका, अर्थिंगच नाही त्याला. मला विचाराल तर वायरवाला आणि जमिनीवर बसणारा बरा.

लाल रॉडचा किंवा हॅलोजन हवा तापवत नाही, समोरच्या माणसाला शेकतो, शेकोटीसारखा. संध्याकाळी बसून गप्पा मारायला छान, झोपताना नको. तेल भरलेला रेडिएटर झोपायच्या खोलीला सगळ्यात उत्तम, आवाज नाही, उजेड नाही, लाल कॉइल नाही, पण जड असतो, महाग असतो आणि बरेचसे २००० च्या पुढचे, म्हणजे पॉवर पॉईंट हवाच. कापसाच्या घरात परवडत असेल तर हाच घ्या, कारण त्याला पंखाच नाही, तंतू ओढायचा प्रश्नच येत नाही.

आम्ही मात्र शेवटी ५००/१००० वॅटचा पीटीसी सिरॅमिक घेतला. पीटीसीचा गुण असा की तो सिरॅमिकचा तुकडा ठराविक तापमानाला पोचला की त्याचा रोध एकदम वाढतो आणि तो स्वतःच करंट कमी करतो, त्यामुळे लालभडक होत नाही. जाळी त्याचीही साफ करावी लागतेच. १००० वॅट म्हणजे साडेचारच्या आत अँपिअर, ६ च्या चांगल्या पॉईंटला चालतो. दुकानात मी एवढंच बघितलं: आयएसआय मार्क आणि त्याच्याखालचा सीएम/एल म्हणजे परवान्याचा नंबर (तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो, रूम हिटरचं मानक आयएस ३०२ भाग २ मधलं ३० वं प्रकरण), तीन पिनांचा मूळ प्लग, मागची जाळी हाताने निघणारी, आणि तळाचं बटण. रिमोट, डिजिटल आकडे, लाकडासारखा रंग याला मी पैसे दिले नाहीत. दुकानदार म्हणाला मोठाच घ्या, पुढे कामाला येईल. त्याला कसं सांगणार की मोठाच घरी पडलाय म्हणून.

लावायची पद्धत अशी ठेवलीये. झोपायच्या आधी अर्धा तास १००० वर, मग आबा झोपले की ५०० वर, आणि साधारण चार तासांनी बंद, टायमर आहे. रात्रीचं अडीच युनिट होतं. महिन्याचं ७५. हिटर सोडून आमचा हिवाळ्यातला वापर ८० च्या आसपास, म्हणजे १५५, आणि १०० च्या वर गेलं की पुढच्या स्लॅबचा दर, हे धरूनच चाला, बिल आल्यावर मीटरला शिव्या देऊ नका.

खोली गरमच होत नसेल तर हिटर वाढवण्याआधी वर बघा. पत्र्याची खोली असेल तर सगळी उष्णता वरून जाते, पत्रा पहाटे बर्फासारखा होतो. पत्र्याखाली थर्माकोलची किंवा पीव्हीसीची सिलिंग मारा, तेही नाही जमलं तर बांबूवर ताडपत्री ताणून बांधा, हिटरपासून लांब. जुनी धाब्याची घरं या बाबतीत फार शहाणी होती, मातीच्या जाड भिंती, आम्ही ती पाडून स्लॅब टाकला आणि आता हिटर शोधतोय. असो.

घसा कोरडा पडतो, नाक सुकतं अशी तक्रार येते. हिटर ऑक्सिजन खातो म्हणून असं होतं असं आमच्याकडे सगळे सांगतात, पण विजेचा हिटर काहीच जाळत नाही. १० अंशांची हवा २० वर नेली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं पण आर्द्रता जवळपास निम्मी होते, त्याने घसा सुकतो. खोलीत पाण्याचं भांडं ठेवा, हिटरवर नाही, लांब कोपऱ्यात. आणि लाईट गेली म्हणून घमेल्यात कोळसे घेऊन दार लावून झोपू नका, तिथे मात्र खरंच जीव जातो, कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग.

एवढं सगळं करूनही टक्क चालूच असेल, जाळी साफ, जागा मोकळी, पॉईंट नवा, तर कटआऊट थकलेला असू शकतो. तो बदलून मिळतो. पण बदलूनच घ्या. आमचा २००० वाला मागच्या वर्षी दुरुस्तीला दिला होता तर मेकॅनिकने हसत परत दिला, "आता नाही बंद पडणार, डायरेक्ट करून दिलाय." मीही खुश. कटआऊट काढून दोन वायरी थेट जोडल्या होत्या, हे भाच्याने यंदा खोलून दाखवलं तेव्हा कळलं. जाळीवर कापूस, शेजारी छतापर्यंत कापूस, आणि बंद करायला कोणीच नाही. त्या हिवाळ्यात आपल्याला वाचवलं ते सॉकेटने, ते आधी वितळलं म्हणून. तो हिटर आता माळ्यावर आहे, त्याची वायर मी मुळापासून कापून टाकलीये, म्हणजे माझ्या मागे कोणी "चांगला आहे की" म्हणून लावायला नको.